पडद्यावरचे गुरुजी

मी या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. संगीतावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. तरीही वार्षिकांकाच्या संपादक मंडळाने 'सर, या वर्षी इतिहासाबाहेरचे काहीतरी द्या' असा आग्रह धरला, तेव्हा गेली काही वर्षे माझ्या मागे लागलेल्या एका छंदाविषयी लिहावे असे ठरवले. तो छंद म्हणजे मँडोलिन. आणि तेही आपल्याकडच्या पद्धतीचे नव्हे, तर अमेरिकेतील 'ब्लूग्रास' नावाच्या संगीतातले. हे मी कोणा गुरूपुढे बसून शिकलो नाही. एका वृद्ध वादकाच्या शिकवणीच्या चित्रफिती पाहून शिकू लागलो. हे वादक १९९६ सालीच निवर्तले. म्हणजे मी ज्यांचा शिष्य म्हणवतो, त्यांनी मला कधी पाहिले नाही आणि माझे वाजवणेही कधी ऐकले नाही. अशा शिकण्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हिशेब मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाद्याची ओळख

मँडोलिनला आठ तारा असतात. पण त्या जोडीजोडीने एकाच स्वरात लावलेल्या, म्हणून बोटांच्या दृष्टीने चारच. त्यांचे स्वर व्हायोलिनप्रमाणे जी, डी, ए, ई असे असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात मिळवलेली असते. व्हायोलिन गजाने वाजते; मँडोलिन मात्र एका छोट्या त्रिकोणी पट्टीने छेडायचे. त्या पट्टीला पिक म्हणतात. गजामुळे स्वर हवा तितका लांबवता येतो. मँडोलिनचा स्वर लगेच विझतो. तो टिकवायचा तर पिक भराभर खालीवर फिरवावे लागते. यालाच ट्रेमोलो असे नाव आहे.

हे वाद्य आपल्याला परके नाही. संगीतकार सज्जाद हुसेन हे उत्तम मँडोलिनवादक होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर यांनीही उमेदीच्या काळात हेच वाद्य वाजवले. कर्नाटक संगीतात उ. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी विजेवरच्या मँडोलिनला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. माझ्या हातात आलेले वाद्य मात्र माझ्या मामांचे. ते कोल्हापुरात असतात. १९७० नंतरच्या दशकात लग्नसमारंभांतून आणि गणेशोत्सवातून ऑर्केस्ट्रात ते मँडोलिन वाजवीत. पुढे हाताला कंप सुटला आणि वाद्य माळ्यावर गेले. २०१९ च्या दिवाळीत त्यांनी ते मला दिले. 'तारा नव्या घाल आणि बघ जमतंय का,' एवढेच म्हणाले.

केंटकीचे मन्रो

त्यानंतर काही महिन्यांतच टाळेबंदी आली. घरात बसल्या बसल्या मँडोलिनवर काय काय उपलब्ध आहे ते शोधताना मला बिल मन्रो यांच्या चित्रफिती सापडल्या.

मन्रो यांचा जन्म १३ सप्टेंबर १९११ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, रोझीन या खेड्याजवळ झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे. घरात सगळेच वाजवणारे. थोरल्या भावांनी व्हायोलिन आणि गिटार आधीच घेतलेली, म्हणून धाकट्याच्या वाट्याला मँडोलिन आले. त्याचा आवाज फार होऊ नये म्हणून त्याला आठांपैकी चारच तारा लावू देत, असे सांगतात. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि ते पेंडल्टन व्हँडिव्हर या आपल्या मामांकडे राहू लागले. हे मामा गावच्या नाचाच्या कार्यक्रमांत व्हायोलिन वाजवीत. भाचा त्यांना गिटारची साथ करी. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबरही पोरवयात त्यांनी वाजवले आणि त्याच्याकडून 'ब्लूज'चे वळण उचलले.

१९३९ साली ते नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या नामांकित रेडिओ कार्यक्रमात रुजू झाले. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव 'ब्लू ग्रास बॉइज'. केंटकी हे 'ब्लूग्रास'चे, म्हणजे त्या नावाच्या गवताचे राज्य म्हणून ओळखले जाते. त्यावरून हे नाव आले आणि पुढे त्या साऱ्या संगीतप्रकारालाच ते चिकटले. मँडोलिन, व्हायोलिन, पाच तारांचा बँजो, गिटार आणि उभा बास ही त्यातली वाद्ये. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या चाली, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि चर्चमधील गायन यांचा त्यात संगम झालेला आहे. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हे बँजोवादक या वृंदात आले आणि या संगीताचे रूप निश्चित झाले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

वयाच्या ऐंशीच्या सुमारास मन्रो यांच्या शिकवणीच्या चित्रफिती 'होमस्पन' या संस्थेने काढल्या. ही संस्था १९६७ साली सुरू झाली. आरंभी ती ध्वनिफितींवरून धडे देत असे, पुढे चित्रफिती आल्या. या फितींत मन्रो स्वतः वाजवतात. आणि सॅम बुश हे पुढच्या पिढीचे वादक त्याच चाली सावकाश, बोटे दाखवून उलगडतात. मन्रो वाजवतात भरपूर, समजावतात थोडे. वर्गात पाऊण तास अखंड बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे प्रथम चमत्कारिक वाटले.

पहिला धडा : चॉप

या शैलीत मँडोलिनचे एक काम आपल्याकडे अपरिचित आहे. ब्लूग्रासमध्ये ढोल किंवा ड्रम नसतो. ठेका बास आणि मँडोलिन मिळून धरतात. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी बासची, दुसरी आणि चौथी मँडोलिनची. त्या मात्रेवर मँडोलिनच्या साऱ्या तारांवर एक तुटक आघात द्यायचा. त्याला 'चॉप' म्हणतात.

जी स्वरसमूहाचा चॉप असा : सर्वांत जाड जोडीवर सातव्या पडद्यावर करंगळी, डीच्या जोडीवर पाचव्या पडद्यावर अनामिका, एच्या जोडीवर दुसऱ्या पडद्यावर तर्जनी आणि ईच्या जोडीवर तिसऱ्या पडद्यावर मध्यमा. (येथे पडदा म्हणजे वाद्याच्या दांडीवरची धातूची पट्टी; चित्रफितीचा पडदा निराळा.) एकही तार मोकळी नसते, हेच यातले मर्म. उजव्या हाताने आघात दिला, की त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे तारांवरून न उचलता फक्त दाब सैल करायचा. स्वर जागीच विझतो आणि उरतो तो 'टक्' असा नाद. दाब लवकर सोडला तर नुसती खरखर, उशिरा सोडला तर स्वर लोंबकळतो.

बोटांची ही पसरण जमायला मला दोन महिने लागले. आरंभी करंगळी सातव्या पडद्याशी पोचतच नसे. चित्रफितीचा उपयोग येथे अपार झाला. जिवंत गुरूला एकच जागा चाळीस वेळा वाजवायला सांगण्याची छाती कोणाची होईल? चित्रफीत चाळीस वेळा मागे नेली तरी कपाळाला आठी घालत नाही. मी ती थांबवून एकेका बोटाची जागा वहीत उतरवून घेतली.

जे दिसत नव्हते

वर्षभराने माझी बोटे बरोबर जागी पडत होती. तरीही वाजवणे मन्रो यांच्यासारखे सोडाच, संगीतासारखेही लागत नव्हते. आवाज खरखरीत येई आणि अर्ध्या तासात उजवा हात कोपरापर्यंत दुखू लागे. मी पुन्हा पुन्हा पडद्याकडे पाही. सारे तसेच तर करतो आहे!

प्रवासाची मुभा मिळाल्यावर मी वाद्य घेऊन कोल्हापूरला गेलो. काचबिंदूमुळे मामांना आता जेमतेम दिसते. ते कॉटवर भिंतीला टेकून बसले आणि मी एक चाल वाजवली. संपल्यावर ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले,

"हे काय वाजवतोयस ते मला ठाऊक नाही बाबा, पण मनगट आवळून धरलंयस."

"मामा, तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसायला कशाला पाहिजे? ऐकू येतंय की. जोडीतल्या दोन तारा एकदम वाजायला पाहिजेत, तुझ्या एकीमागनं एक वाजतायत. पिक चिमटीत धर, मुठीत नको."

त्यांनी माझे मनगट आपल्या थरथरत्या हातात धरले आणि दार उघडल्यावर कडी हलवून बघावी तसे हलवून पाहिले. दहा मिनिटांत आवाज बदलला. वर्षभर जे चित्रफितीत असूनही मला दिसले नव्हते, ते त्यांनी न पाहता सांगितले.

परतताना एस.टी.त बसल्यावर मला दोन गोष्टी सुचल्या. पहिली मन्रो यांच्याविषयी. लहानपणी त्यांची दृष्टी अधू होती. समोरच्या वादकाची बोटे पाहून शिकण्यापेक्षा त्यांची भिस्त कानावरच राहिली. ज्या माणसाने हे सारे कानाने मिळवले, त्याच्याकडून मी ते डोळ्यांनी हिसकावू पाहत होतो! दुसरी गोष्ट लाजिरवाणी आहे. मामा मला जन्मापासून ओळखतात. त्यांचे हात धड होते तेव्हा मी त्यांना एकदाही 'मला शिकवा' म्हटले नाही. आपल्या घरातले वाजवणे मला ऑर्केस्ट्रातले म्हणून हलके वाटत होते, हे त्याचे खरे कारण.

अभ्यासाची रीत

चित्रफितीवरून कोणतेही वाद्य शिकू पाहणाऱ्या विद्यार्थी मित्रांसाठी माझी आताची रीत देतो.

१. चाल प्रथम डोळे मिटून दहा वेळा ऐका. गुणगुणता येईपर्यंत वाद्य हातात घेऊ नका.

२. मग आवाज बंद करून फक्त उजवा हात पाहा. नवशिका नेहमी डावा हात पाहतो, कारण बोटे तेथे हलतात. लय उजव्या हातात असते. मन्रो यांच्या वादनातला जोर खाली जाणाऱ्या आघातांतून येतो.

३. डावा हात सर्वांत शेवटी. लयदर्शक यंत्र मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि चूक होईनाशी झाल्यावरच ४-४ ठोक्यांनी वाढवा.

४. स्वतःचे वाजवणे ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकल्यास आपण स्वतःला माफ करून टाकतो.

५. महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसापुढे वाजवा. तो त्याच वाद्याचा, त्याच शैलीचा नसला तरी चालेल.

एकलव्याची गोष्ट आपण सारे सांगतो. मातीच्या पुतळ्यानेही त्याची चूक कधी दुरुस्त केली नाही. त्याचा बाण चुकला तर तो चुकलेला समोर दिसत होता. वाद्य शिकणाऱ्याला असे लक्ष्य दिसत नाही. ते ऐकावे लागते, आणि आपली चूक ऐकण्याइतका कान आपल्याजवळ नसतो तोवर दुसऱ्याचा कान उसना घ्यावा लागतो.

शेवटी थोडे माझ्या धंद्याविषयी. ज्या महिन्यांत मी पडद्यावरून शिकत होतो, त्याच महिन्यांत पडद्यावरून शिकवतही होतो. समोर साठ नावांच्या साठ काळ्या चौकटी. तास संपल्यावर 'काही शंका?' असे विचारायचो. कोणी बोलत नसे आणि मी समाधानाने यंत्र बंद करीत असे. पुढे महाविद्यालय उघडल्यावर एका विद्यार्थिनीने सांगितले, की गावी रेंज मिळत नसल्याने तिला माझी निम्मी वाक्ये तुटकच ऐकू येत. पण सर भरभरून बोलत आहेत, मध्येच कसे थांबवावे, म्हणून ती गप्प राहिली. ती मनगट आवळून वर्षभर बसली होती आणि माझ्या कानाला ते कळले नव्हते. तेव्हापासून तासाची शेवटची दहा मिनिटे मी बोलत नाही. त्या दिवशीचा विषय दोघा-तिघांकडून त्यांच्या शब्दांत ऐकतो. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो, ही तक्रार मला मान्य आहे.

मामांकडे अजूनही महिन्यातून एक रविवार जातो. चॉप त्यांना मुळीच पसंत नाही. 'चांगला लागलेला स्वर तोडून कशाला टाकतोस?' म्हणतात. तरी शेवटपर्यंत ऐकतात, मात्रा चुकली की कॉटच्या कडेवर बोट आपटतात, आणि मग ट्रेमोलोवर एखादे जुने चित्रपटगीत माझ्याकडून वाजवून घेतल्याशिवाय चहा मागवत नाहीत.