टेकडीवरचे गाव

प्रास्ताविक

एखादे जुने गाव पाहायला आपण जातो, तेव्हा आपली नजर प्रथम तेथील वेशीवर, घरांवर आणि देवालयांवर जाते. परंतु गाव म्हणजे केवळ दगड-विटांची रचना नव्हे. ते कोणी वसवले, त्याने काय सोसले आणि आज ते कोणाच्या आधारावर उभे आहे, हे समजून घेतले तरच ते गाव पाहिले असे म्हणता येईल. प्रस्तुत पाठात रोममधील एक कुटुंब सुट्टीच्या दिवशी चिव्हिता दी बान्योरेजो हे इटलीतील प्राचीन गाव पाहायला जाते. त्यांच्याबरोबर आपणही या गावाची ओळख करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• टेकडीवर गावे का वसवली गेली, हे सांगता येईल;
• चिव्हिता गावाच्या ऱ्हासाची कारणे स्पष्ट करता येतील;
• पर्यटनाचे लाभ आणि त्यातून उद्भवणारे प्रश्न यांवर विचार मांडता येईल.

मूळ पाठ

मध्य इटलीतून प्रवास करताना एक दृश्य वारंवार दिसते. खाली शेते, द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हची झाडे. वर टेकडीच्या माथ्यावर एकमेकांना बिलगलेली दगडी घरे आणि त्यांतून डोकावणारा चर्चचा मनोरा. पूर्वीच्या काळी उंचावर वस्ती केल्याने शत्रू दुरूनच दिसे आणि गावाचा बचाव करणे सोपे जाई. सखल भागातील दलदल आणि तिथला हिवताप यांपासूनही रक्षण होई.

लाझियो प्रांतातील चिव्हिता हे अशा गावांपैकीच एक आहे. रोमच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटर अंतरावर असलेले हे गाव रोमन साम्राज्याच्या उदयापूर्वी एट्रुस्कन लोकांनी वसवले. त्याला सुमारे अडीच हजार वर्षे झाली.

सकाळी रोमहून निघालेले आई-वडील, आजी आणि दोन मुले मोटारीने बान्योरेजोला पोहोचतात. मोटार तिथेच ठेवावी लागते. पुढे दरीवरचा सुमारे तीनशे मीटर लांबीचा अरुंद पूल पायीच ओलांडायचा असतो. पुलाच्या अलीकडे प्रवेशशुल्क घेतले जाते. पूल शेवटी चांगलाच चढत जातो. आजी कठड्याला धरून मध्येच थांबते. मुले दरीकडे पाहतात. चहूबाजूंना पांढुरक्या मातीचे धारदार, उघडेबोडके कडे पसरलेले असतात.

"आजी, हे गाव असे एकटे का उभे आहे?" दहा वर्षांची मुलगी विचारते.

"पूर्वी ते एकटे नव्हते," आजी सांगते. "दोन्ही गावांना जोडणारी जमीन होती. ती हळूहळू खचून गेली."

आजीचे म्हणणे खरे आहे. गावाचा माथा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तुफा नावाच्या दगडाचा आहे, पण त्याखाली प्राचीन समुद्रतळाची चिकणमाती आहे. पावसाचे पाणी आणि दोन्ही बाजूंचे ओढे ही माती सतत कोरतात. त्यांतील एका ओढ्याचे नाव रिओ किआरो, म्हणजे स्वच्छ ओढा; दुसऱ्याचे रिओ तोर्बिदो, म्हणजे गढूळ ओढा. खालचा आधार गेला की वरच्या दगडाला तडे जातात आणि कड्यावरची घरे दरीत कोसळतात. तेराव्या शतकातील प्रसिद्ध धर्मचिंतक संत बोनाव्हेंतुरा यांचा जन्म याच गावचा. त्यांच्या बालपणीच्या घराची जागासुद्धा कड्याबरोबर केव्हाच खाली गेली.

१६९५ च्या भूकंपाने गावाला मोठा हादरा बसला. त्यानंतर बिशपांनी आपले ठाणे बान्योरेजोला हलवले. त्यांच्या पाठोपाठ कारभार गेला, मग माणसेही गेली. बान्योरेजोतच जन्मलेले लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी चिव्हिताला 'मरणपंथाला लागलेले गाव' म्हटले आणि तीच त्याची ओळख झाली. आजचा पूल १९६५ मध्ये बांधण्यात आला.

पूल संपताच खडकातून कोरून काढलेली वेस लागते. वेशीवर दगडी सिंह आहेत आणि त्यांच्या पंजांत माणसाचे शिर आहे. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की या सत्ताधारी घराण्याविरुद्ध गावकऱ्यांनी केलेल्या उठावाची ती खूण मानली जाते. आत चौकात सान दोनातो हे चर्च आहे. याच चौकात जून आणि सप्टेंबर महिन्यांत गाढवांची शर्यत भरते. पूर्वी ओझी वाहण्यासाठी गाढव हाच गावाचा आधार होता, हे ती शर्यत पाहताना आठवते.

दुपारी हे कुटुंब एका जुन्या तेलघाण्याच्या जागेत भरणाऱ्या खाणावळीत बसते. निखाऱ्यावर भाजलेल्या पावावर लसूण चोळून, वर ऑलिव्हचे तेल घालून तो वाढला जातो. दारापुढील कुंड्यांत फुले डोलत असतात. गल्ल्यांतून पर्यटकांची रीघ लागलेली असते.

"एवढी माणसे असताना हे गाव मरेल कसे?" धाकटा मुलगा विचारतो.

"ही माणसे सायंकाळी परत जातात," वडील म्हणतात. "बाराही महिने इथे राहणारी माणसे जेमतेम दहा-पंधरा असतील."

चिव्हितापुढील खरा पेच येथेच आहे. २०१० च्या सुमारास वर्षाला चाळीस-पन्नास हजार पर्यटक येत. २०१३ मध्ये दीड युरो प्रवेशशुल्क सुरू झाले. ते पुढे पाच युरोंपर्यंत वाढले. तरीही पर्यटकांची संख्या घटली नाही. दशक संपण्यापूर्वी ती वर्षाला कित्येक लाखांवर गेली. शुल्कामुळे स्थानिक कारभाराला उत्पन्न मिळाले, आसपासच्या लोकांना रोजगार मिळाला. कडे सावरण्यासाठी खडकात पोलादी सळया बसवणे, पाण्याचा निचरा करणे ही कामे मात्र कधीच संपत नाहीत. त्यांना सतत पैसा लागतो. पर्यटकांमुळे गावाकडे जगाचे लक्ष राहते, हे खरे. पण घरांची जागा पाहुण्यांच्या खोल्या आणि दुकाने घेऊ लागली, तर रोजचे जगणे तेथून हळूहळू नाहीसे होते.

ऊन कलते, तशी गर्दी पुलावरून माघारी वळते. आई एका बंद खिडकीकडे बोट दाखवून म्हणते, "दगड कारागीर सांभाळतील. पण रात्री या खिडकीत दिवा लावायला कोणीतरी इथे राहायला हवे."

माती खचणे हा निसर्गाचा क्रम आहे. माणसाला तो लांबवता येतो, थांबवता येत नाही. वस्ती उठणे मात्र बऱ्याच अंशी माणसाच्या निवडीवर अवलंबून असते. म्हणून जुन्या गावाचे जतन करताना भिंतींइतकाच तेथे राहणाऱ्यांचा विचार करावा लागतो.

पाठगत प्रश्न

१. टेकडीवर गावे वसवण्याची कोणतीही दोन कारणे लिहा.
२. चिव्हिताखालची जमीन का खचते?
३. १६९५ नंतर गावातील वस्ती का घटली?
४. 'दिवा लावायला कोणीतरी इथे राहायला हवे' या आईच्या उद्गारांचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

उपक्रम

तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वस्तीला भेट द्या. तेथील वयोवृद्ध व्यक्तींशी बोला. पूर्वी तेथे कोण राहत असे, कोण निघून गेले आणि का, याविषयी दहा ते बारा ओळी लिहा.