पाय बालाघाटाचे, वाट चुनखडीची

प्रश्न : येडशी-रामलिंगचे डोंगर पायाखालचे आहेत. जुलैत आम्ही चौघे इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये ‘आल्टा व्हिया १’ करणार आहोत. मार्ग कसा आखावा? – एक वाचक, धाराशिव

उत्तर : आधी खडक ओळखा. आपला बालाघाट लाव्हाचा, काळ्या बेसाल्टचा. तिकडे चुनखडी आणि तिचाच भाऊबंद डोलोमाइट. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, भेगा रुंदावतात आणि पाऊस थेट डोंगराच्या पोटात उतरतो. त्यामुळे उंचावरच्या पठारावर थेंब मिळेलच असं नाही. ओढ्याच्या भरवशावर राहू नका. नकाशावर आधी ‘रिफ्युजिओ’ शोधा, म्हणजे डोंगरातली मुक्कामघरं. ती साधारण जूनअखेर ते सप्टेंबर उघडी असतात. जागा कित्येक महिने आधी धरा.

वाट सुमारे १२० किमीची, ब्रायेस तलाव ते बेल्लुनो. टप्पे किलोमीटरवर नको, तासांवर पाडा. सपाटीला ताशी ४ किमी, चढाला ताशी ३०० मीटर. दोन्ही वेळांपैकी मोठी घ्या, लहानीची निम्मी तीत मिळवा. १२ किमी आणि ९०० मीटर चढ म्हणजे साडेचार तास, चहापाणी वेगळं. दुपारी विजांचं वादळ उठतं, तेव्हा खिंड बाराच्या आत ओलांडा. तुळजापूरला पहाटे पायी निघणाऱ्यांना हे सांगायला नको!

लोखंडी दोरांच्या ‘व्हिया फेराटा’ वाटा पहिल्या खेपेला टाळा. बेल्लुनोआधीचा शेवटचा टप्पा सोडला तर मूळ मार्गाला त्यांची गरज नाही, आणि तिथेही पर्यायी वाटेने त्या टाळता येतात. अडचणीत ११२ फिरवा.