भाचा गेला, आणि मी निकालाची काळजी करते!

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझ्या सोळा वर्षांच्या भाच्यानं आत्महत्या केली. धाकट्या भाचीला ‘दादाला ताप होता’ एवढंच सांगितलंय. ताई अजून सावरलेली नाही. आणि मी? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर लोकसभा निवडणुकीचे अंदाज बघत बसते. ४ जूनला निकालात काय होणार, याचाच घोर. घरात असं झालेलं असताना हे शोभतं का?
– एक मावशी, नाशिक (२०२४)

उत्तर : शोभण्या-न शोभण्याचा प्रश्नच नाही. भाचा का गेला, याचं उत्तर मिळत नाही. निकालाला निदान तारीख आहे. मन तिकडे धावतं ते म्हणून. देशाची काळजी खोटी नाही, पण ते अंदाज वाचून एक मतही इकडचं तिकडे होत नाही. नऊ वाजले की मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.

मला जास्त काळजी भाचीची वाटते. मुलांना बाहेरून कळतंच. तिला खरं सांगा; कसं घडलं याचे तपशील नकोत. तिच्यामुळे काही झालेलं नाही, हे स्पष्ट आणि पुन्हापुन्हा सांगा. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं, हे ताईलाही ऐकायची गरज आहे. ताईसमोर भाच्याचं नाव टाळू नका. सगळे टाळतात, आणि आईच्या मनाला तेच लागतं.

घरात कुणाच्याही मनात जगणं नको असा विचार आला, तर ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर लगेच फोन करा. सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे.