मिसळलेले प्रश्न
(पर्यायी उत्तरांच्या परीक्षांच्या तयारीविषयीं)

आपल्या जिल्ह्यांतील मुलांस आज लहान वयांतच निवडीच्या परीक्षांस बसावें लागतें. शेगांव येथील जवाहर नवोदय विद्यालयांत सहाव्या इयत्तेकरितां अधिकांत अधिक ८० मुलामुलींस प्रवेश मिळतो. त्यांपैकीं निदान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागांतील मुलांसाठीं असतात, आणि ही परीक्षा कोणाही विद्यार्थ्यास दुसऱ्यांदा देतां येत नाहीं. आठव्या इयत्तेंत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तींत निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. मुलास पुढें शिकवावें कीं शेतावर न्यावें असा विचार ज्या घरीं चालतो, त्या घरीं ही रक्कम लहान नव्हे.

या परीक्षांत उत्तर लिहावयाचें नसतें. दिलेल्या चार पर्यायांतून निवडून त्याचें वर्तुळ काळें करावयाचें असतें. हा प्रकार फार जुना नाहीं. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञानें १९१५ च्या सुमारास वाचनाची एक परीक्षा तयार केली. एकाच उत्तरास निरनिराळे शिक्षक निरनिराळे गुण देतात, हा दोष त्यास टाळावयाचा होता. तो दोष टळला हें खरें. परंतु मुलास चार वाक्यें सुसंगत लिहितां येतात कीं नाहीं, हें अशा परीक्षेस कळत नाहीं. म्हणून हिच्या नादीं लागून निबंधाची वही फडताळांत टाकूं नये.

आतां मुख्य गोष्ट. पुष्कळ मुलें सराव करतात तो एकेका धड्याचा. शेंकडेवारीचा धडा झाला कीं शेंकडेवारीचीं वीस उदाहरणें, मग सरळव्याजाचीं वीस. त्यांत रीत कोणती लावावी याचा विचार करावाच लागत नाहीं. धड्याच्या मथळ्यानें ती आधींच सांगितलेली असते. परीक्षेच्या कागदावर असा मथळा नसतो. वर सांगितलेल्या शिष्यवृत्तीच्या शालेय क्षमता चाचणींत ९० प्रश्न असतात : विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २०. तेथें प्रश्न ओळखणें हेंच अर्धें काम होय, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो.

यासंबंधीं अमेरिकेंतील रोहरर व टेलर या संशोधकांनीं २००७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. घनफळ काढण्याचीं चार प्रकारचीं उदाहरणें त्यांनीं कांहीं विद्यार्थ्यांस प्रकारवार दिलीं व कांहींस मिसळून दिलीं. सरावाच्या वेळीं प्रकारवार करणारांचीं शेंकडा ८९ उत्तरें बरोबर आलीं. मिसळून करणारांचीं ६० च. एका आठवड्यानें परीक्षा घेतली, तेव्हां पहिल्यांचीं शेंकडा २० आणि दुसऱ्यांचीं ६३! पालकांनीं हे आंकडे ध्यानांत ठेवावे. मिश्र सराव सुरू केल्यावर मुलाचे गुण प्रथम उतरतील. त्यावरून तो अभ्यासांत मागें पडला असें समजून रागावूं नये.

पर्याय कसे रचलेले असतात तेंही पाहण्यासारखें आहे. समजा, खामगांवच्या बाजारांत कापसाचा भाव क्विंटलास ७,००० रुपये आहे. तर ३ क्विंटल ६० किलो कापसाचे किती रुपये येतील? पर्याय असे : २१,०००, २१,४२०, २५,२००, २८,०००. यांतील चुकीचे तिन्ही आंकडे उगाच मांडलेले नाहींत. वरचे ६० किलो विसरणारास २१,००० सांपडतात. वजन ३·०६ क्विंटल असें लिहिणारास २१,४२० मिळतात, आणि घाईनें चार क्विंटल धरणारास २८,०००. खरें उत्तर २५,२००. तेव्हां आपला आंकडा पर्यायांत दिसला एवढ्यावरून तो बरोबर ठरत नाहीं.

दुसरा प्रश्न घ्या : लोणार सरोवराच्या पाण्यांत तांबडा लिटमस कागद बुडविल्यास त्याचा रंग कोणता होईल? हा भूगोलाचा प्रश्न कीं विज्ञानाचा? दोहोंचा. सरोवराचें पाणी खारें व अल्कधर्मी आहे हें भूगोलांत येतें; अल्कानें तांबडा लिटमस निळा होतो हें रसायनांत येतें. दोन्ही धडे पाठ असूनही ते एकमेकांस कधीं भेटले नसतील, तर मूल येथें अडेल.

घरच्या सरावास विकतचें जाड पुस्तक पाहिजेच असें नाहीं. सर्व विषयांच्या पाठ्यपुस्तकांतील प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरून मागें उत्तर लिहावें व चिठ्ठ्या एका डब्यांत टाकाव्या. सायंकाळीं डबा हलवून वीस चिठ्ठ्या काढाव्या. चिठ्ठी उघडतांच प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे हें आधीं मोठ्यानें सांगावें, मग तो सोडवावा. उत्तर चुकल्यास त्याचें कारण वहींत लिहावें : माहीत नव्हतें, रीत चुकली, कीं प्रश्नच नीट वाचला नाहीं. या तिसऱ्या कारणास पुस्तकांत औषध नाहीं. ‘नसलेला’, ‘सोडून’, ‘विसंगत’ अशा शब्दांखालीं रेघ ओढण्याची संवयच लावून घेतली पाहिजे. चुकलेली चिठ्ठी पुन्हां डब्यांत जावी. पालकांस लिहितां-वाचतां येत नसलें तरी घड्याळ पाहून वेळ सांगतां येते, आणि तेवढी मदत पुष्कळ आहे.

वेळेचा हिशेब सोपा आहे. नवोदयच्या परीक्षेंत ८० प्रश्नांस १२० मिनिटें, म्हणजे प्रश्नास दीड मिनिट. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत ९० प्रश्नांस ९० मिनिटें. अडलेला प्रश्न खूण करून सोडावा, परंतु त्याबरोबर उत्तरपत्रिकेवरील त्याची ओळही सोडावी. नाहीं तर पुढचीं सर्व उत्तरें एकेका ओळीनें सरकतात. या दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहींत, म्हणून शेवटीं एकही प्रश्न कोरा ठेवूं नये. पुढें वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेंत मात्र बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराबद्दल १ गुण वजा होतो. तेथें निदान दोन पर्याय खात्रीनें खोडतां आल्यावांचून हात घालूं नये हें बरें.

डब्यांत टाकण्यास पहिल्या तीन चिठ्ठ्या येथेंच देतों. पैनगंगा कोणत्या नदीस मिळते : वर्धा, तापी, पूर्णा, गोदावरी? २, ६, १२, २०, ३० यांच्यापुढें कोणती संख्या येईल : ३६, ४०, ४२, ४४? बुलढाणा जिल्ह्यांत नसलेला तालुका कोणता : मेहकर, लोणार, अकोट, सिंदखेडराजा? उत्तरें अनुक्रमें : वर्धा, ४२, अकोट.