दिशा सांगणारे घड्याळ

गोराई गावाच्या पश्चिमेला समुद्र आहे. पूर्वेला खाडी आहे. मासळीला गेलेली होडी घरी परतते, ती पूर्वेकडे तोंड करून. पण आभाळ भरून आले, पावसाची सर आडवी आली, म्हणजे किनारा दिसत नाही. मग पूर्व कशी ओळखायची?

त्यासाठी होकायंत्र असते. हल्ली काही मनगटी घड्याळांतही ते असते. त्यात सुई हलत नाही. पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबकच. घड्याळातला बारीकसा भाग तिचे चुंबकत्व ओळखतो आणि काचेवर दिशा दाखवतो.

मात्र लोखंड किंवा वीज जवळ असली, की हे यंत्र फसते. कुलाब्याच्या वेधशाळेत पूर्वी पृथ्वीचे चुंबकत्व मोजत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. तेव्हा त्या कामासाठी १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. ती बांधताना लोखंड टाळले. तुमच्या होडीत तर इंजिन आहे, नांगर आहे!

म्हणून समुद्रात जाण्याआधी घड्याळ जुळवून घ्यावे.

१. लोखंड, इंजिन, मोबाइल यांपासून दूर उभे राहा.
२. घड्याळ सपाट धरा. जुळवणीचे बटण दाबा.
३. माहितीपत्रकात सांगितले असेल तसे ते सावकाश फिरवा. काही घड्याळे गोल फिरवतात. काही हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून फिरवतात.
४. रात्री ध्रुवताऱ्याकडे तोंड करून पाहा. घड्याळानेही उत्तरच दाखवली पाहिजे. नाही दाखवली, तर पुन्हा जुळवा.

हे सारे किनाऱ्यावरच करा. वादळात सापडल्यावर जुळवायला वेळ कुठला?

आता सांगा पाहू: होडीत दिशा बघताना घड्याळ कुठे धरू नये?