परागकणांचे वावडे आणि आपले ताट

पावसाळा सरत आला आणि गवताला तुरे फुटले, की आमच्या श्वसनविकार विभागातील गर्दी वाढू लागते. शिंका, डोळ्यांची खाज, चोंदलेले नाक आणि काहींना रात्रीचा दमा. १९५५ साली पुण्यात प्रथम आढळलेल्या गाजरगवताचाही यात वाटा असतो. तपासणी संपताना नातेवाईक हटकून विचारतात, "काय खाऊ घालू नये?" यंदाच्या अहवालातील हे पान आम्ही त्या प्रश्नासाठी राखून ठेवले आहे.

परागकणांचा त्रास श्वासावाटे होतो. अन्नाचा संबंध येतो तो साधर्म्यामुळे. शरीर परागकणातील एखाद्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तशाच घडणीचे प्रथिन फळात आढळले, की तेथेही फसते. युरोपात बर्च वृक्षाच्या परागकणांचे वावडे असलेल्या अनेकांना कच्चे सफरचंद खाताच ओठ व टाळू खाजते. (भूर्जपत्रे देणारा आपला हिमालयातील भूर्ज याच वंशातला.) तेच सफरचंद शिजवले तर बहुधा त्रास होत नाही, कारण ते प्रथिन उष्णतेने मोडते. गवताच्या परागकणांचे वावडे असणाऱ्या काहींना खरबूज, कलिंगड, केळे वा टोमॅटो यांनी असाच त्रास होतो. ज्याला ज्या फळाने खाज सुटते त्याने तेवढेच फळ कच्चे खाऊ नये. इतरांनी ते सोडण्याचे कारण नाही. मात्र घसा आवळला, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात आणावे.

आम्हास खरी चिंता वाटते ती सरसकट पथ्याची. दही, दूध, केळी, भात, सारे 'कफकारक' म्हणून बंद केलेली, वजन न वाढणारी मुले आमच्याकडे येतात. दुधाने कफ अधिक तयार होतो, असे चाचण्यांत आढळलेले नाही. लाळेत मिसळून ते घशाशी दाटसर लागते, इतकेच. रक्तातील 'आयजीजी' मोजून वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी देणाऱ्या महागड्या तपासण्यांवर पैसे खर्चू नयेत. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनेही २००८ मध्ये अन्नाच्या वावड्याच्या निदानासाठी अशा तपासण्या करू नयेत असे म्हटले होते. पुरळ-चाचणीत एखादा पदार्थ निघाला, पण तो खाऊन कधी त्रास झाला नसेल, तर तोही सोडू नये.

मग आहाराने काहीच साधत नाही काय? साधते, पण सावकाश. ऑस्ट्रेलियात दम्याच्या १३७ प्रौढ रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फळे-भाज्या कमी खाणाऱ्या गटात दमा बळावण्याची शक्यता सुमारे सव्वादोन पट आढळली. भरपूर भाज्यांऐवजी टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्या देऊन तो लाभ झाला नाही. आमच्या मते पेरू, आवळा व पालेभाज्या यांवर खर्चलेले पैसे वाया जात नाहीत. स्थूल व्यक्तीने वजन उतरवल्यास दम्यास उतार पडतो. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणाऱ्यांना आम्लपित्तामुळे खोकला वाढू शकतो. मध घेण्याची प्रथा मोठी आहे. पण परागकणांच्या वावड्यावर त्याचा खात्रीचा उपयोग दिसलेला नाही, आणि गाजरगवताच्या सूर्यफूल-कुळातील परागकणांचे तीव्र वावडे असणाऱ्यांना मधाने क्वचित गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

पथ्य सुरू केले म्हणून नाकाचा फवारा वा दम्याचा पंप परस्पर बंद करू नये. शंका असल्यास दोन आठवडे जेवण व त्रास यांची वेळेसह टिपणे ठेवून ती वही तपासणीस सोबत आणावी.