प्रोस्टेटचा कर्करोग : प्रदेशागणिक बदलणारे आकडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार, वयरचनेतील फरक जमेस धरून, दर लाख पुरुषांमागे या कर्करोगाचे नवे रुग्ण विकसित देशांत ३७.५, तर विकसनशील देशांत ११.३ होते. मृत्यू मात्र अनुक्रमे ८.१ व ५.९. रुग्णसंख्येत तिपटीहून अधिक अंतर असता मृत्यूंत इतके थोडे का? तिकडे पी.एस.ए. या रक्ततपासणीमुळे मंदगतीचे, जिवास अपाय न करणारे रोगही नोंदले जातात. आपल्याकडे अनेकांचे निदान रोग हाडांत पसरल्यावर होते. तेव्हा कमी नोंद म्हणजे कमी धोका नव्हे. वडीलधाऱ्यांच्या लघवीच्या तक्रारी बहुधा साध्या ग्रंथीवाढीच्या असतात. तरीही 'वयोमानाने व्हायचेच' असे न म्हणता डॉक्टरांचा सल्ला वेळीच घ्यावा, अशी आम्ही कुटुंबीयांस विनंती करतो.